शुक्रवारचा आकडा



इंदूरच्या श्रोत्यांसमोर व्याजदराच्या इतिहासाविषयी बोलायचे तर प्रारंभ घरापासूनच करता येतो. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 साली खांडवा-इंदूर रेल्वेमार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले. व्याज दरसाल साडेचार टक्के आणि मुदत 101 वर्षे. आज या कराराकडे पाहताना मला रकमेपेक्षा मुदतीचे अप्रूप अधिक वाटते. शंभर वर्षांनंतरचा पैसा आजच्या पैशासारखाच असेल असा भरवसा असल्याखेरीज कोणी एवढ्या दीर्घ मुदतीचा दर कायम करीत नाही. त्या कागदावरची मुदत संपण्याचे साल येते 1971. योगायोग असा, की त्याच वर्षी 15 ऑगस्टला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देण्याचे बंद केले आणि पैशाच्या स्थैर्यावरील तो जुना भरवसा साऱ्या जगातूनच उठू लागला.

आजचा माझा विषय त्यानंतरच्या कालखंडाचा आहे. पैशामागे सोने उरले नाही, तेव्हा गुंतवणूकदार कशाकडे पाहू लागला? तो आकड्यांकडे पाहू लागला; आणि आकड्यांच्या आडून मध्यवर्ती बँकेच्या मनात डोकावू लागला. हे वाचन कसे चालते, ते कधी फसते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे अमेरिकेतील 1979 ते 1982 या तीन वर्षांच्या इतिहासातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते. म्हणून मी मुख्यतः त्या तीन वर्षांविषयीच बोलणार आहे.

प्रथम एक साधे गणित लक्षात ठेवू. समजा, एका कायमस्वरूपी कर्जरोख्यावर दरवर्षी 9 रुपये व्याज मिळते. बाजारातील दर नऊ टक्के असताना त्या रोख्याची किंमत 100 रुपये होईल. दर बारा टक्क्यांवर गेला, तर तेच 9 रुपये मिळवण्यासाठी नवा गिऱ्हाईक 75 रुपयेच देईल. दर वाढला की जुन्या रोख्याची किंमत उतरते. रोखे बाळगणाऱ्याला म्हणूनच आजच्या दरापेक्षा उद्याच्या दराची चिंता अधिक असते, आणि उद्याचा दर ठरवणारी माणसे काय विचार करीत आहेत याचा माग तो सतत काढीत असतो.

पॉल व्होल्कर हे ऑगस्ट 1979 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले, तेव्हा तेथील महागाई वर्षाला अकरा-बारा टक्क्यांच्या घरात होती. 18 सप्टेंबर रोजी त्यांच्या मंडळाने बँकांना द्यावयाच्या कर्जाचा दर साडेदहावरून अकरा टक्के केला. दर वाढला म्हणजे महागाईला लगाम बसणार, असा अर्थ बाजाराने घ्यायला हवा होता. घडले ते उलट. निर्णय चार विरुद्ध तीन मतांनी झाला होता, आणि बाजाराने दराऐवजी ती मतविभागणी वाचली. मंडळातील निम्म्या लोकांचे धैर्य आताच संपले आहे, पुढची वाढ होणे कठीण, असा निष्कर्ष निघाला. सोन्याचा भाव चढतच राहिला. व्होल्कर यांच्या हाती पुढील वाढीसाठी बहुमत होते. परंतु गुंतवणूकदार त्यांच्या हाताकडे पाहत नव्हता, निश्चयाकडे पाहत होता.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 6 ऑक्टोबर 1979 रोजी, शनिवारी सायंकाळी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांना तातडीने बोलावण्यात आले. कर्जाचा दर बारा टक्के केल्याची घोषणा झालीच. पण महत्त्वाची बाब निराळी होती. यापुढे फेडरल रिझर्व्ह बँकांमधील रोजच्या उसनवारीचा दर विशिष्ट मर्यादेत धरून ठेवणार नव्हती. ती चलनपुरवठ्याच्या वाढीवर नियंत्रण ठेवणार आणि व्याजदर जेथे जाईल तेथे जाऊ देणार, असे ठरले होते. त्याच सुमारास आय.बी.एम. कंपनीचे एक अब्ज डॉलरचे रोखे बाजारात आले होते. ते विकण्याची हमी घेतलेल्या दलाल पेढ्यांच्या हाती बरेच रोखे अजून शिल्लक होते. सोमवारनंतर त्यांची किंमत घसरली आणि त्या पेढ्यांना मोठा तोटा सोसावा लागला.

आता गुंतवणूकदारांना वाचण्यासाठी एक नवा आकडा मिळाला. चलनपुरवठा, म्हणजे लोकांच्या हातातील रोकड आणि बँकांच्या चालू खात्यांसारख्या मागताक्षणी मिळणाऱ्या ठेवी, यांची बेरीज फेडरल रिझर्व्ह दर आठवड्याला प्रसिद्ध करीत असे. 1980 च्या प्रारंभापासून काही वर्षे ती शुक्रवारी दुपारी चारनंतर प्रसिद्ध होई. तत्पूर्वी ज्या आकड्याकडे अभ्यासकांखेरीज फारसे कोणी पाहत नसे, त्यासाठी आता साऱ्या न्यूयॉर्कमधील रोखेबाजार श्वास रोखून बसू लागला.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. चलनपुरवठा वाढला म्हणून बाजार हलत नसे. अपेक्षेपेक्षा अधिक वाढला तरच हलत असे. जे सर्वांनी आधीच गृहीत धरलेले असते ते किमतीत अगोदरच मुरलेले असते. बातमी उरते ती अपेक्षा आणि आकडा यांमधील अंतराएवढीच. म्हणून मोठा आकडा येऊनही बाजार शांत राहतो आणि छोटा आकडा येऊन खळबळ माजते, ते पाहून बाहेरच्या माणसाला बाजार वेडा वाटतो.

दुसरा बारकावा याहून महत्त्वाचा. अनपेक्षितपणे पैसा वाढल्याचे कळले की त्या काळी व्याजदर वर जात. पुस्तकी विचार उलटा सांगतो. पैसा मुबलक झाला तर तो स्वस्त व्हावा. मग दर चढत का? याची दोन उत्तरे संभवत होती. एक असे, की फेडरल रिझर्व्ह आपला शब्द पाळील, वाढलेला पैसा आवरण्यासाठी हात आखडील, आणि म्हणून दर चढतील. दुसरे असे, की ती शब्द पाळणार नाही, महागाई आणखी भडकेल, आणि सावकार त्या महागाईची भरपाई मागतील. दोन्ही वाचनांत दर वरच जातो, पण एकात मध्यवर्ती बँकेवर विश्वास आहे आणि दुसऱ्यात अविश्वास. दराकडे पाहून दोन्हींतील भेद कळणार कसा?

चार्ल्स एंगेल आणि जेफ्री फ्रँकेल या अर्थशास्त्रज्ञांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्रश्नाची उकल परकीय चलनाच्या बाजारातून केली. विश्वास असेल तर महाग झालेल्या डॉलरकडे परदेशी पैसा धावेल आणि डॉलर वधारेल. अविश्वास असेल तर महागाईने पोखरला जाणारा डॉलर लोक टाकून देतील आणि तो घसरेल. ऑक्टोबर 1979 नंतरच्या काळात असा आकडा आला की डॉलर वधारत असे. म्हणजे व्होल्कर यांचा शब्द बाजाराने ग्राह्य धरला होता. एकाच आकड्याच्या दोन अर्थांतून खरा अर्थ निवडण्याची ही रीत मला इतिहास-संशोधनाच्या जवळची वाटते. एका कागदावरून निर्णय होत नसेल, तर त्याच दिवशीचा दुसरा कागद शोधावा.

पण हा विश्वास येत्या काही महिन्यांपुरताच होता. दहा वर्षांपुरता नव्हता. त्याला कारणही होते. 1980 च्या वसंतात बँकांचा सर्वोत्तम ग्राहकांसाठीचा दर वीस टक्क्यांवर गेला, मंदी आली, आणि उन्हाळ्यात तो अकरा टक्क्यांपर्यंत उतरला. महागाई हटलेली नसतानाच लगाम सैल झाला, असे बाजाराने पाहिले. डिसेंबर 1980 मध्ये तोच दर साडेएकवीस टक्के झाला. एकदा डळमळलेल्याकडून पुन्हा निश्चयाची अपेक्षा कोण धरील? यामुळे 1981 मध्ये महागाई उतरू लागली असतानाही अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरील परतावा चढतच गेला आणि सप्टेंबर 1981 च्या अखेरीस तो पावणेसोळा टक्क्यांच्याही वर पोचला. 1983 मध्ये तेथील महागाई सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आली होती. ज्याने 1981 च्या सप्टेंबरात तो रोखा घेण्याचे धाडस केले, त्याला त्या पिढीतील सर्वोत्तम सौदा मिळाला. परंतु दशकभर फसलेल्या सावकाराला ते धाडस होत नव्हते. मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. तो आधीच्या दहा वर्षांचा अनुभव वाचीत होता.

आकड्याचीही आपली एक मर्यादा असते. ऑक्टोबर 1979 मध्ये, नवे धोरण जाहीर झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, असे उघड झाले की न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेने चुकीची माहिती कळवल्यामुळे चलनपुरवठ्याचा आकडा अब्जावधी डॉलरनी फुगलेला होता. तोवर त्या आकड्यावर खरेदी-विक्री होऊन गेली होती. पहिला अंदाज आणि दुरुस्त आकडा यांत अंतर असतेच. बाजार मात्र पहिल्यावरच चालतो.

आता या वाचनाची किंमत. कर्जाचे दर असे चढले की घरबांधणी थंडावली. बांधकाम करणाऱ्यांनी लाकडाचे ओंडके व्होल्कर यांच्या पत्त्यावर टपालाने धाडले, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून फेडरल रिझर्व्हच्या इमारतीला वेढा दिला. 1982 च्या अखेरीस अमेरिकेतील बेकारी 10.8 टक्के झाली. सुमारे एक कोटी वीस लाख लोक कामाच्या शोधात होते. ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने आपण परदेशी कर्ज फेडू शकत नाही असे कळवले. त्याच्या कर्जापैकी पुष्कळसे बदलत्या व्याजदराचे होते. यांतील बहुतेकांनी शुक्रवारचा आकडा कधी पाहिलाही नव्हता. मध्यवर्ती बँकेने शब्दाची पत घालवली की ती परत मिळवण्याचा खर्च अशा लोकांवर येतो, हे या इतिहासाचे मला सर्वांत गंभीर वाटणारे अंग आहे.

त्याच ऑगस्टच्या 17 तारखेला सॉलोमन ब्रदर्स या पेढीचे अर्थतज्ज्ञ हेन्री कॉफमन यांनी आपले मत बदलले. दर वाढतच राहतील असे वर्षानुवर्षे सांगणारे कॉफमन आता दर उतरतील असे म्हणाले, आणि एका दिवसात डाऊ जोन्स निर्देशांक 38.81 अंकांनी वर गेला. तोपर्यंतची ती एका दिवसातील सर्वांत मोठी वाढ होती. महागाई उतरल्याचे आकडे महिनोन्महिने सर्वांसमोर होते. त्या दिवशी नवे काही आले असेल तर ते केवळ एका विश्वासार्ह वाचकाचे नवे वाचन. पुढे ऑक्टोबर 1982 मध्ये फेडरल रिझर्व्हनेच चलनपुरवठ्याच्या त्या आकड्याला पूर्वीइतके महत्त्व देणे सोडले. हळूहळू बाजारानेही तो आकडा सोडला आणि रोजगाराच्या व महागाईच्या आकड्यांकडे मोर्चा वळवला. अमुक आकडा म्हणजे अमुक परिणाम, असे कोष्टक पाठ करणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानी ठेवावा.

काळाच्या ओघात वाचण्याची सामग्री बदलली. 4 फेब्रुवारी 1994 पासून फेडरल रिझर्व्ह आपला दरविषयक निर्णय बैठकीनंतर जाहीर करू लागली. तोवर बाजाराला तो तिच्या व्यवहारांवरून ताडावा लागे. मग निवेदनांतील शब्द मोजले जाऊ लागले. या शब्दवाचनाची झळ आपल्यापर्यंत पोचली ती 2013 साली. दरमहा 85 अब्ज डॉलरचे रोखे विकत घेण्याचा कार्यक्रम पुढील काही बैठकांत मंदावता येईल, असे अध्यक्ष बेन बर्नांके यांनी 22 मे रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले. त्या वेळी डॉलरला साधारण 55-56 रुपये पडत. 28 ऑगस्टला 68 हून अधिक पडू लागले. मधल्या काळात, 15 जुलैला, रिझर्व्ह बँकेला बँकांच्या अडचणीच्या वेळच्या एका रात्रीच्या कर्जाचा दर दोन टक्क्यांनी वाढवून सव्वादहा टक्के करावा लागला. रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडांचे मूल्य उतरले, आणि सुरक्षित समजून तेथे पैसे ठेवलेल्यांना धक्का बसला. वॉशिंग्टनमध्ये तोवर एका डॉलरचीही खरेदी कमी झालेली नव्हती. ती कमी करण्याचा निर्णय 18 डिसेंबरला जाहीर झाला, तेव्हा रुपया बऱ्यापैकी सावरलेला होता. अपेक्षेने हलवले, प्रत्यक्षाने नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या शाळेत मी हा विषय निवडला तो कोणी शेअर वा रोखे घ्यावेत म्हणून नव्हे. या सभागृहात निवृत्तिवेतनावर आणि मुदत ठेवींच्या व्याजावर संसार करणारे अनेकजण आहेत. घराच्या कर्जाचे हप्ते फेडणारे तरुण माजी विद्यार्थीही आहेत. दर वाढला की पहिल्यांना थोडा दिलासा मिळतो आणि दुसऱ्यांचा हप्ता वाढतो. महागाई मोकाट सुटली तर दोघेही बुडतात. त्यामुळे हे वाचन केवळ मुंबईच्या दलालांवर सोपवून चालणार नाही. 2016 पासून आपल्याकडे व्याजदराचा निर्णय पतधोरण समिती मतदानाने घेते. कोणी कोणत्या बाजूने मत दिले आणि का दिले, हे बैठकीनंतर चौदा दिवसांनी छापून प्रसिद्ध होते. 1979 च्या सप्टेंबरात बाजाराने जशी मतविभागणी वाचली, तशी ती आपणांपैकी कोणालाही वाचता येते. निर्णय एकमताने झाला की काठावर, महागाईच्या अंदाजात मागच्या वेळेपेक्षा काय बदलले, आणि मागे दिलेला शब्द पाळला गेला काय, एवढे तीन प्रश्न विचारण्यास शाळेत शिकलेले गणित पुरेसे आहे.