चाईचा केस: बुरशीपासून टी-पेशीपर्यंत

आमच्या हॉस्टेलमध्ये एका मैत्रिणीच्या डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली. ते कळल्यावर तिच्या रूममेटने सगळ्यात आधी स्वतःचा कंगवा उचलून कपाटात बंद केला. "कीड लागलीये, पसरते ती," असं तिला घरी शिकवलेलं.

चाई पसरत नाही. पण या समजुतीला नुसतं अडाणीपण म्हणून सोडून देऊ नका. एकेकाळी पॅरिसच्या मोठमोठ्या डॉक्टरांचंही हेच मत होतं. ते कसं तयार झालं आणि कसं मोडलं, हे रिसर्चमध्ये येऊ पाहणाऱ्यांनी वाचावं असं मला वाटतं.

आजार जुनाच. सुश्रुतसंहितेत 'इंद्रलुप्त' आहे, पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससनेही अशा चकत्यांचं वर्णन केलंय. 'अलोपेशिया एरिएटा' हे नाव फ्रेंच वैद्य सोव्हाजने 1763 मध्ये दिलं. अर्थ एवढाच, की ठिकठिकाणी पडलेलं टक्कल. कारणाचा त्यात पत्ता नाही.

1843 मध्ये पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबीने मायक्रोस्कोपखाली डोक्याच्या एका आजारातले केस तपासले. त्यांच्याभोवती बुरशीचं आवरण दिसलं. निरीक्षण अगदी बरोबर होतं. गोची झाली ती नावात. त्याने आजाराला जे नाव वापरलं, 'पोरिगो डेकाल्व्हान्स', तेच तेव्हा चाईलाही वापरलं जात होतं. त्याने पाहिला होता डोक्यातला नायटा. एका नावाखाली दोन आजार शिरले आणि चाईसुद्धा संसर्गजन्य ठरली. फ्रान्समध्ये चाईची मुलं शाळेबाहेर ठेवली जाऊ लागली.

चाईच्या केसांत बुरशी सापडेना, तेव्हा दुसरा गट म्हणाला, दोष नसांचा आहे. 1902 मध्ये जाकेने तर दातांच्या दुखण्याशी संबंध जोडला. वाद कित्येक वर्षं चालला.

आता त्या केसाकडेच बघू. केसाचा बाहेर आलेला भाग जिवंत नसतो. तो मुळाशी तयार होतो आणि महिन्याला साधारण 1 सेंमी वर सरकतो. म्हणजे टोक जुनं, मुळाजवळचा भाग नवा. केस म्हणजे एक प्रकारची डायरीच.

चाईच्या कडेला काही मिलिमीटर लांबीचे तुटके केस दिसतात. वरचं टोक जाड आणि विस्कटलेलं, खाली येता येता केस बारीक आणि फिका होत जातो. उद्गारचिन्हासारखा. या डायरीत काय लिहिलंय? आधी केस नीट बनत होता. मग मुळातल्या पेशींवर आघात झाला, केसाचा एक भाग कच्चा राहिला आणि तो त्वचेबाहेर येताच तिथून तुटला. त्यानंतर बनलेला भाग आणखी बारीक होत गेला, आणि मूळ वेळेआधीच विश्रांतीत गेलं. बाहेरून कुणी केस कुरतडलेला नाही, बिघाड जिथे तो बनतो तिथे आहे.

त्वचेचा तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला, की वाढत्या केसाच्या मुळाभोवती लिम्फोसाइट पेशींची गर्दी दिसते, मधमाश्यांच्या मोहोळासारखी. झालं सिद्ध? नाही. घर जळालं की अग्निशमन दलही तिथे दिसतंच. त्या पेशी आग लावायला आल्यात की विझवायला, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही.

उत्तर यायला 1998 उजाडलं. गिल्हार आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या डोक्याच्या त्वचेचे तुकडे प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांवर लावले. मग त्याच रुग्णांच्या चाईतल्या टी-पेशी केसांच्या मुळांच्या अर्कासोबत वाढवून त्या तुकड्यांत टोचल्या. केस गळले. अर्काशिवाय वाढवलेल्या पेशींनी तसं झालं नाही. सगळं वजन या दुसऱ्या वाक्यात आहे. कंट्रोल नसता तर सुईने केस गळले असंही कुणी म्हणू शकलं असतं.

पुढे 2010 मध्ये जनुकांचा पुरावा आला आणि 2022 मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिबला तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. आजार मुळापासून गेला असं मात्र नाही. औषध थांबवल्यावर अनेकांचे केस पुन्हा गळतात. दिलासा एवढाच, की हल्ला मुळाच्या तळाशी होतो. केस पुन्हा घडवणाऱ्या मूळपेशी थोड्या वर असतात आणि त्या सहसा वाचतात.

म्हणून प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा आधी तपासा, तुम्ही एका नावाखाली दोन गोष्टी तर मोजत नाही ना? ग्रुबीची नजर पक्की होती, तरी त्या नावाची किंमत शाळेबाहेर बसलेल्या मुलांनी मोजली.

मैत्रिणीचे केस काही महिन्यांनी आले, आधी पांढरे. चाईत रंगीत केसांवर हल्ला जास्त होतो, त्यामुळे असं बऱ्याचदा होतं. रूममेटला मी ग्रुबीची गोष्ट सांगितली. कंगवा आता पुन्हा टेबलावर असतो.