बारा-तेराचा पाना

स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा सेकंडहँड गाड्यांचा होता.

साल १९४८. काश्मीरमध्ये युद्ध सुरू होतं आणि लष्कराला जीप तातडीनं हव्या होत्या. लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त असलेल्या व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची सरकारी पद्धत बाजूला ठेवली आणि एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. गाड्या वापरलेल्या, दुरुस्त करून दिलेल्या. पैशांचा मोठा हिस्सा आधीच देऊन झाला. प्रत्यक्षात १५५ जीप आल्या आणि त्याही लष्कराच्या कामाच्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला, चौकशीची मागणी झाली. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण बंद झाल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात दाखल झाले.

पुस्तकांत ही गोष्ट राजकारणाच्या प्रकरणात येते. मी मात्र ती गाडी घेणाऱ्याच्या नजरेनं वाचतो. माल हाती येण्याआधी पैसे मोजले, हे त्यातलं मला कळणारं कलम. आमच्या कोरेगाव तालुक्यातला कुठलाही शेतकरी असा व्यवहार करणार नाही. तो आधी मिस्त्रीला गाडीवर बसवून घेऊन जाईल.

आपल्याकडच्या सेकंडहँड जीपगाड्यांचा इतिहास मला त्या मिस्त्रीचाच इतिहास वाटतो. आज ज्याला आपण 'फॅमिली एसयूव्ही' म्हणतो ती गाडी कुटुंबासाठी बनलीच नव्हती. ती आधी सैन्याची, मग सरकारची, मग वडापवाल्याची झाली आणि शेवटी आपल्या अंगणात आली. प्रत्येक वळणावर ती पुढच्या हातात जाऊ शकली, कारण ती उघडून दुरुस्त करणारा कुणीतरी जवळपास होता.

माझगाव ते इगतपुरी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. एकच आराखडा, दोन कारखाने, सुटे भाग एकमेकांत बसणारे. आघाडीवरच्या सैनिकाला मोजक्या हत्यारांत ती उघडता यावी, असा तिचा साधेपणा होता. युद्ध संपल्यावर लष्कराकडची उरलेली वाहनं विक्रीला निघाली. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

१९४५ मध्ये के. सी. महिंद्रा आणि जे. सी. महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. मुंबईत माझगावला विलिसच्या जीप जोडायला सुरुवात झाली. सुरुवातीला भाग बाहेरून यायचे. हळूहळू ते इथेच बनू लागले. भाग इथे बनू लागले की त्यांची नक्कल करणारा लेथवालाही इथेच तयार होतो. दुरुस्तीची संस्कृती अशीच रुजते.

पुढचं मोठं वळण डिझेलचं. पेट्रोलवर चालणारी जीप सरकारी खात्याला परवडायची, शेतकऱ्याला नाही. १९७९ मध्ये महिंद्रानं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचं तंत्रज्ञान घेतलं. पुढे इगतपुरीला इंजिनांचा कारखाना उभा राहिला. या घराण्यातल्या एका इंजिनाचं नाव होतं एक्सडीपी ४.९०: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनचा फेरा ८३ मिलिमीटरचा. गुणाकार केला की २११२ सीसी येतात. नावातच अर्धं गणित सांगून टाकणारी ही पद्धत मला, दिवसभर कोडमध्ये नावं शोधत बसणाऱ्याला, फार आवडते.

त्या इंजिनात सेन्सर नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. डिझेलचा पंप यांत्रिक, नोझल यांत्रिक. इंजिन रुसलं तर कारण हाताला लागायचं किंवा कानाला ऐकू यायचं.

वडाप

पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप', विदर्भ-मराठवाड्यात 'काळी-पिवळी'. एसटी जिथे दिवसातून दोनदा यायची तिथे जीप दर अर्ध्या तासाला निघायची. म्हणजे भरली की निघायची. नऊ-दहा माणसांच्या गाडीत पंधरा-सोळा. मागच्या फळीवर लोंबकळणारे वेगळे.

ही गाडी एवढा भार सोसायची, त्यामागे तिची रचना होती. साध्या कारमध्ये पत्र्याचा सांगाडा हेच शरीर असतं. जीपच्या खाली मात्र शिडीसारखी लोखंडी चॅसी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली असते. मागे पाट्यांचं सस्पेन्शन. पाटा तुटला की तेवढा एक पाटा बदलायचा. पत्रा सडला की नवा ठोकायचा. चॅसी शाबूत असेपर्यंत गाडी शाबूत.

१९९४ मध्ये पुण्यात बनणारी टाटा सुमो आली. नावाचा जपानी पैलवानांशी संबंध नाही. टेल्कोचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातली आणि आडनावातली पहिली अक्षरं जोडून ते केलं. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, शिडीची चॅसी, दहा माणसांची जागा. सुमोनं एक मोठा बदल केला. पोलीस ठाणं, ट्रॅव्हल कंपनी आणि बागायतदाराचं घर या तिन्ही ठिकाणी एकच गाडी उभी दिसू लागली. २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली. त्याच वर्षी महिंद्राची बोलेरो आली, २००२ मध्ये नाशिकला तयार झालेली स्कॉर्पिओ. आता 'जीप' म्हणायला लोक संकोचू लागले. जाहिरातीत 'एसयूव्ही' शब्द आला.

आपल्या घरांत त्या शिरल्या त्या बहुधा जुन्या होऊन. नवी गाडी घेणं ऐपतीबाहेर आणि आई-वडील, आजी, चुलता-चुलती, पोरं असं सगळं बिऱ्हाड एका कारमध्ये मावत नाही. लग्न, जत्रा, दवाखाना, खताची पोती या सगळ्याला पुरणारी गाडी म्हणजे कुणीतरी पाच-सात वर्षं वापरलेली बोलेरो किंवा सुमो.

बॉनेटवर हात

आमच्या घरी २०१६ मध्ये अशीच २००९ ची बोलेरो आली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि ऑनलाइन जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. मिस्त्रींनी ते पाहिलेही नाहीत. विकणाऱ्याच्या दारात गेल्यावर त्यांनी सगळ्यात आधी बंद बॉनेटवर हात ठेवला. गरम लागलं असतं तर अर्थ एकच: गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते धड सुरू होत नाही. बॉनेट गार होतं.

मग सेल मारला. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढून धूर किती जोरात येतो ते पाहिलं. जोरात आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, म्हणजे इंजिनाचं काम निघणार. इंजिन सुरू करण्याआधीच रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते बघून झालं होतं. तो असला तर हेड गॅस्केटवर संशय. नंतर ते गाडीखाली गेले आणि पाट्यांच्या हँगरजवळ चॅसीला वेल्डिंग केलंय का ते बोटानं चाचपलं. शेवटी पायाखालची मॅटिंग उचलून गंज पाहिला. किलोमीटरच्या आकड्याकडे त्यांनी नजरही टाकली नाही. “तो आकडा कुणीपण लिहितो,” म्हणाले.

तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं नाही आणि आज तर मुळीच वाटत नाही. डेटाबेसमधली एक नोंद बदलायला किती कमी वेळ लागतो हे माझ्या व्यवसायात रोज दिसतं. गंज मात्र सहज एडिट होत नाही.

त्यानंतर कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चा. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. अनेक जण विकणाऱ्याच्या सह्या घेऊन फॉर्म कपाटात ठेवतात आणि गाडी जुन्याच नावावर फिरवतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेलेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच, आणि तिच्या अपघातात जीव गेलेला. न्यायालयानं सांगितलं: नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्यानं मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून मोकळं होणं म्हणजे आरसीवरून नाव निघणं.

दिल्लीचे १९९० सीसी

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणामुळे दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यापुढच्या डिझेल गाड्यांची नवी नोंदणी थांबवली. महिन्याभरातच महिंद्रानं स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १.९९ लिटरचं इंजिन आणलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का हरित उपकर लावून बंदी उठली. पण आधी राष्ट्रीय हरित लवादानं घातलेली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांची बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. त्यामुळे राजधानीतल्या मालकांसाठी एनओसी घेऊन गाडी दुसऱ्या राज्यात विकणं हाच मार्ग उरला.

धूर खरा आहे, त्यावर वाद नाही. पण एका शहरात जिचं आयुष्य संपलं असं ठरतं, तीच गाडी दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या कुटुंबाची पहिली गाडी असते. आमच्या बोलेरोची पंधरा वर्षं २०२४ मध्ये भरली. एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालंय. आम्ही ते भरलं, ब्रेक आणि दिव्यांचं काम करून पासिंग करून घेतलं. अजून पाच वर्षं मिळाली.

पुढची गाडी कोण उघडणार?

एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झालं. डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर आला. तो साफ व्हायला गाडी बराच वेळ वेगात चालावी लागते. गावातल्या गावात फिरवली तर तो तुंबतो. हवेसाठी हे चांगलं आहे. पण या गाड्या आता सेकंडहँड बाजारात येऊ लागल्यात आणि त्यांची दुरुस्ती पान्यानं सुरू होत नाही, स्कॅनरनं होते. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की काही कोड सगळ्या कंपन्यांत सारखे दिसतात. काही मात्र त्या त्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरला वाचता येतात. त्याची चावी छोट्या गॅरेजकडे नसते.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. सुरुवात म्हणून ठीक. पण पोर्टलवर कंपन्या स्वतःहून माहिती ठेवतात, आणि मॅन्युअल मिळणं वेगळं, निदानाची साधनं परवडणाऱ्या दरात मिळणं वेगळं. हा प्रश्न पाना बनवणाऱ्यांचा राहिला नाही, माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांचा झालाय. एखाद्या माहितीला कुलूप लावायचं का हे आमच्याच मीटिंगांमध्ये ठरतं, आणि ती गाडी दहा वर्षांनी तिसऱ्या मालकाकडे असेल हे तिथे कुणाच्या मनात नसतं.

मिस्त्रींच्या मुलानं गेल्या वर्षी स्कॅनर घेतला. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा कोड त्यानं मला व्हॉट्सअॅपवर पाठवला: पी ०२९९. मी अर्थ सांगितला, टर्बोकडून पुरेसा दाब येत नाहीये. टर्बो बदलायचा तर खर्च मोठा. त्यानं इंजिन सुरू ठेवून रेस दिली, वडिलांना कान लावायला सांगितला. हवेच्या रबरी नळीला वेटाळ्याखाली चीर होती. नळी बदलली, कोड गेला.