दोन अंकांच्या मधली जागा

कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुर्वासाचा शाप नसता तर नाटक तिसऱ्या अंकालाच संपले असते. पण हा शाप कोणत्याही अंकात नाही. तो आहे तिसऱ्या आणि चौथ्या अंकांच्या मध्ये, विष्कंभकात. अनसूया आणि प्रियंवदा फुले वेचत बोलत असतात, पडद्यामागून संतापलेल्या ऋषीचा आवाज येतो, आणि दुष्यंताच्या आठवणीत बुडालेल्या शकुंतलेला तो ऐकूही येत नाही. पुढे हरवलेली अंगठी सापडते तीही अशीच मधल्या जागेत. सहाव्या अंकाआधीच्या प्रवेशकात रक्षक एका कोळ्याला धरून आणतात आणि त्याने पकडलेल्या माशाच्या पोटातून राजाची मुद्रिका निघाल्याचे कळते. नाटकाच्या दोन्ही कळा कालिदासाने अंकाबाहेर ठेवल्या आहेत.

भरताच्या नाट्यशास्त्रात या जागेचे नियम आहेत. एका अंकात एका दिवसात घडेल तेवढेच दाखवायचे. मधले महिने, फार तर वर्ष, प्रवेशकातून उरकायचे. युद्ध, राज्यनाश, मृत्यू, नगराचा वेढा यांतले काही अंकात प्रत्यक्ष दाखवायचे नाही, ते कोणीतरी मधल्या जागेत सांगायचे. म्हणजे रंगमंचावर न मावणारे किंवा न शोभणारे सगळे या फटीत कोंबायची सोय होती. आपल्याकडे मधला वेळ रिकामा ठेवायची पद्धत मुळात नव्हतीच.

कीर्तनात आजही नाही. नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग संपत आला की बुवांचा आवाज चढतो, नामाचा गजर सुरू होतो, टाळकरी आणि श्रोते त्यात मिसळतात. त्या गजरातच यजमान पुढे येतात, बुवांच्या गळ्यात हार घालतात, कपाळाला बुक्का लावतात. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि या दोहोंच्या मधल्या चार-पाच मिनिटांना कीर्तनकार मध्यंतरच म्हणतात. तासभर ब्रह्म-माया ऐकून जड झालेले डोके हलके व्हावे, पेंगणाऱ्यांनी टाळ्या वाजवत जागे व्हावे आणि बुवांनी घोटभर पाणी प्यावे, हे सगळे नामस्मरणाच्या पुण्यात जमा होते. उठून बाहेर जायला मात्र कोणी सांगत नाही.

विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा त्यांच्यापुढे अंकांची नव्हे, आख्यानाचीच परंपरा होती. सूत्रधार पदे म्हणत राही, पात्रे येऊन आयत्या वेळी सुचतील तशी भाषणे करत आणि विदूषक मधेमधे तोंड घाली. पात्राला वेष बदलायला वेळ हवा असला तर सूत्रधार आणखी एक पद म्हणे. हे नाटक थांबत नसे, नुसते लांबे. 1853 मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करायला आली आणि इंग्रजी वळणाच्या रंगमंचाशी मराठी नाटकाची गाठ पडली. पुढच्या काही वर्षांत पौराणिक आख्यानाला एखादा फार्स जोडायची चाल पडली. राक्षसांच्या आरोळ्या ऐकून झाल्यावर लोकांना हसवून घरी पाठवणे बऱ्या व्यवहाराचे होते.

मध्यंतर खऱ्या अर्थाने आले ते संगीत नाटकाबरोबर. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक केले, उरलेले तीन नंतर बसवले. कालिदासाच्या क्रमाने पाहिले तर त्या रात्री पुणेकरांना शाप मिळाला, अंगठी मात्र सापडायची राहिली. दोन वर्षांनी ‘सौभद्र’चेही तसेच झाले. आधी तीन अंक आले, बाकीचे मागाहून.

पुढची तीस-चाळीस वर्षे पाच अंकी नाटकाची होती. देवलांचे ‘शारदा’, खाडिलकरांचे ‘कीचकवध’, गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ ही सगळी पाच अंकी. पाच अंक म्हणजे चार वेळा पडदा पडणार. रात्री नऊ-दहाला सुरू झालेला खेळ ‘वन्समोअर’ मिळत गेले की पहाटेपर्यंत चाले, आणि बालगंधर्वांच्या पदांना वन्समोअर मिळणारच. चारही वेळा थांबण्याची कारणे अगदी रोखठोक असत. रंगवलेले पडदे गुंडाळून दुसरे सोडायचे, महालाची जागा मोकळी करून अरण्य उभे करायचे, दिव्यांत तेल आहे की नाही ते पाहायचे. स्त्रीपार्टी नटाला शालू बदलून, दागिने चढवून, वेणी सारखी करून पुन्हा उभे राहायचे असे. गळ्यालाही विसावा लागे. एका नाटकात शंभराच्या वर पदे असण्याचा तो काळ होता.

पण प्रेक्षकाला सारखे ताटकळत ठेवूनही चालत नाही. म्हणून नाटककाराने आणि व्यवस्थापकाने मिळून एक युक्ती काढली. अंकाच्या आतले प्रवेश एक खोल, एक उथळ असे आलटून पालटून लिहायचे. पुढचा पडदा सोडून त्याच्यापुढे दोन-तीन विनोदी पात्रांनी रस्त्यावरचा किंवा अंगणातला प्रवेश करायचा, तोवर मागे दरबार मांडून होतो. मराठी नाटकातल्या कितीतरी नोकर-चाकरांचा, भिक्षुकांचा आणि बावळट मित्रांचा जन्म सुतारकामाला वेळ मिळावा म्हणून झाला आहे. त्यांच्या विनोदाचे मूल्यमापन करताना समीक्षकांनी मागे खिळे ठोकणाऱ्या माणसाचीही दखल घ्यायला हरकत नाही.

1 जुलै 1933 रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले आणि हा पसारा आवरू लागला. श्री. वि. वर्तकांनी ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराचे नाटक मराठीत आणले होते. बैठकीची खोली, खऱ्या खुर्च्या, स्त्रियांच्या भूमिकेत स्त्रिया. अंकभर देखावा एकच राहणार म्हटल्यावर पडदे बदलायची कटकटच नाही. पुढे नाटक तीन अंकांवर स्थिरावले, आणि त्याबरोबर लेखकाच्या हाती एक नवे हत्यार आले: अंकाचा शेवट. पूर्वी अंक संपे तो एखाद्या बहारदार पदावर. आता तो एका वाक्यावर, एका नजरेवर संपू लागला. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (1967) गंमत म्हणून चाललेल्या खोट्या खटल्यात पहिल्या अंकाच्या अखेरीला लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. आत्तापर्यंत खिदळणारा प्रेक्षक तो आरोप तसाच डोक्यात घेऊन चहाला उठतो. थट्टा किती आणि खरे किती, याची चर्चा पात्रांच्या आधी प्रेक्षागृहाच्या बाहेर सुरू होते. तेंडुलकरांनी ती दहा मिनिटे फुकट वापरून घेतली आहेत.

उलट मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने 1962 मध्ये अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचावर आणले ते थांबायचेच नाही म्हणून. कोर्टातला लखोबा लोखंडे साक्षीदाराकडे पाहतो, मंच फिरतो, आणि तोच माणूस दुसऱ्या नावाने दुसऱ्या घरात उभा असतो. मध्ये पडदा पडून तीन मिनिटे गेली असती तर त्या भामट्याची जादू अर्धी उतरली असती.

नंतर तीनाचे दोन अंक झाले, आणि ‘मध्यंतर’ हा शब्द एकवचनी झाला. आता नाटकाला एकच मध्यंतर. शब्द तसा नाट्यगृहापुरता कधीच नव्हता. ‘मध्यंतरी तो दिसला होता’ यातली मध्यंतरी कालची की चार वर्षांपूर्वीची, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. कबड्डीच्या बातमीत ‘मध्यंतराला 18–11 अशी आघाडी’ असते, शाळेत मात्र मध्यंतर होत नाही, मधली सुट्टी होते. हिंदीवाले ‘मध्यांतर’ लिहितात. त्यांच्या संगतीने मराठी पडद्यावरही तो काना अधूनमधून डोकावतो.

नाट्यगृहातल्या मध्यंतराचा अर्थ मात्र पक्का आहे: बटाटेवडा. दादरचे शिवाजी मंदिर असो, पार्ल्याचे दीनानाथ असो की ठाण्याचे गडकरी रंगायतन, पडदा पडला की निम्मे प्रेक्षागृह कॅन्टीनच्या दिशेने सरकते. अनुभवी लोक दोन माणसांची वाटणी करतात, एक कूपनाला, एक वड्याला. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेरची रांग याहून लांब असते, आणि तिच्याकडे नाट्यगृहे बांधणाऱ्यांनी कधी लक्ष दिलेले दिसत नाही. तेवढ्यात पहिली घंटा होते, दुसरी होते, आणि तिसऱ्या घंटेला हातातला वडा संपवायचा की टाकायचा हा प्रश्न उभा राहतो. आत रंगपटात वेगळीच गडबड असते. एका प्रयोगाच्या मानधनाला नाटकवाले ‘नाइट’ म्हणतात, आणि ती नाइट पाकिटात घालून मध्यंतरात नटाच्या हाती द्यायची रीत अनेक संस्थांत होती. तोवर तिकीटविक्रीचा हिशेब लागलेला असे. दुसऱ्या अंकात एखाद्या नटाचा सूर अचानक का उतरला, याचे उत्तर कधीकधी त्या पाकिटात सापडावे.

महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’ आणि पुढची दोन नाटके चंद्रकांत कुलकर्णींनी 1994 मध्ये सलग, नऊ तासांत सादर केली. तिथे मध्यंतर म्हणजे जेवणाचीच सुट्टी म्हणायची, आणि प्रेक्षक जेवून परत आले.

सिनेमाने ही सवय नाटकाकडून घेतली, कारणे मात्र यंत्राची होती. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा तो साधारण 3700 फूट, चार रिळांचा होता. एवढ्याने तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे लोकांना वाटले नसते, म्हणून जोडीला नृत्य, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू उडवून झेलणारा एक कसरतपटू असा मसाला होता. हजार फुटांचे रीळ बोलपटाच्या वेगाने अकरा-एक मिनिटे चालते. शहरातल्या थिएटरात दोन यंत्रे असत, एकावरचे रीळ संपता संपता दुसरे सुरू करता येई. जत्रेतल्या तंबूत यंत्र एकच. रीळ संपले की अंधार, शिट्ट्या, आरडाओरडा, आणि पुन्हा चित्र. तिथे एका सिनेमाला किती मध्यंतरे होतील हे दिग्दर्शकाच्या नव्हे, ऑपरेटरच्या हातात होते.

थिएटरात मध्यंतराला आणखी एक गिऱ्हाईक लागले: काचेवरच्या जाहिराती. गावातले सराफ, कापड दुकान, नवे निघालेले हॉटेल, सगळे पडद्यावर थरथरत येऊन जात. शेंगदाणे, सोडा आणि चहा विकणारी पोरे खुर्च्यांच्या रांगांतून फिरत.

निर्मात्याला हे एवढे गोड वाटू लागले की राज कपूरने ‘संगम’ (1964) आणि ‘मेरा नाम जोकर’ (1970) यांना दोन-दोन मध्यंतरे दिली. दोन्ही चित्रपट चार तासांच्या आसपासचे. पहिल्यात हे खपले, दुसऱ्यात लोक कंटाळले. पुढे पटकथा लिहिणाऱ्यांच्या बोलण्यात ‘इंटरव्हल पॉइंट’ हा शब्द रुळला. पूर्वार्धाच्या टोकाला असा काही धक्का द्यायचा की प्रेक्षकाने पॉपकॉर्न घेऊन धावत परत यावे. ‘ओम शांती ओम’मध्ये (2007) तर नायक पूर्वार्धात मरतो आणि पुनर्जन्म घेऊन येतो. एका तिकिटात दोन सिनेमे. ललिता गोपालन यांनी 2002 मध्ये हिंदी आणि दाक्षिणात्य चित्रपटांवर ‘सिनेमा ऑफ इंटरप्शन्स’ हे पुस्तक लिहिले, त्यात मध्यंतर हे गाण्यांइतकेच भारतीय चित्रपटाच्या रचनेचे अंग मानले आहे. ते पटते. मध्यंतर काढले की आपला सिनेमा लगेच वेगळा वागू लागतो. किरण रावचा ‘धोबी घाट’ (2011) सलग दाखवला गेला, आणि त्यात धक्के नाहीत, कथा एकमेकींत झिरपत जातात.

परदेशी चित्रपटाचे आपल्याकडे हाल होतात. त्याला अशी जागाच नसते, म्हणून वाक्य अर्धे असताना दिवे लागतात. तिकडे याचा राग येतो. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ (2023) साडेतीन तासांच्या घरात जाणारा. परदेशातल्या काही थिएटरांनी परस्पर मध्यंतर घातले, तेव्हा संकलक थेल्मा स्कूनमेकर यांनी आक्षेप घेतला आणि ते बंद करायला लावले गेले. वर्षभरातच ‘द ब्रूटलिस्ट’ (2024) मात्र पंधरा मिनिटांचे मध्यंतर चित्रपटातच घालून आला, आणि तिकडच्या प्रेक्षकांना त्याचे केवढे अप्रूप वाटले.

मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतर टिकून राहण्याचे खरे कारण कथेत नाही, काउंटरवर आहे. तिकिटाखालोखाल कमाई खाण्यापिण्याची. 2018 मध्ये महाराष्ट्रात बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ द्यावेत म्हणून बरेच रण पेटले, आंदोलने झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. याच प्रश्नावरचे जम्मू-काश्मीरचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते, त्याचा निकाल जानेवारी 2023 मध्ये लागला. चित्रपटगृह ही खाजगी जागा आहे, बाहेरचे खाणे आत येऊ द्यायचे की नाही हे मालकाने ठरवावे, मात्र पिण्याचे शुद्ध पाणी फुकट दिले पाहिजे आणि तान्ह्या बाळांसाठी आईबापांनी आणलेले खाणे अडवता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. घरून डब्यात वडे नेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी निकालात काही सवलत नाही.