पुत्रांनी घडविलेला पिता

रॅग्नार लोद्‌ब्रोकच्या बाबतीत इतिहासात पुत्र आधी येतात, पिता नंतर. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' ईवार व हाफ्दान यांना भाऊ म्हणून ओळखते. पित्याविषयी ती मौन पाळते. नॉर्थम्ब्रियाचा राजा एला ८६७ मध्ये यॉर्कच्या लढाईत पडला, एवढीच तिची नोंद. सूडाचा उल्लेखही नाही. तेराव्या शतकातील आइसलँडिक सागेत मात्र हाच एला रॅग्नारला सर्पांच्या खड्ड्यात टाकतो आणि पुत्र त्याच्या पाठीवर 'रक्तगरुड' कोरतात. भूमीच्या लोभाने आलेल्या सैन्याला सागाकाराने पितृऋण बहाल केले, असेच म्हणावे लागते. क्रॉनिकलमधील हाफ्दान ८७६ मध्ये नॉर्थम्ब्रियाची जमीन वाटतो, त्याचे लोक नांगर धरतात. सागेतला ईवारही बैलाचे कातडे ताणून एलाकडून जमीन मिळवतो. पण तीही सूडासाठीच.