दवाखान्यात प्रवेश मिळाला, पण आवाज कुठे आहे?

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण त्या सत्याग्रहाला ज्या ठरावाचा आधार होता, त्यातील एक शब्द आपण विसरतो. रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. त्याच यादीत सरकारी दवाखानेही होते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसाला दवाखान्याची पायरी चढता यावी म्हणून ठराव करावा लागला!

पायरी चढू न देण्याची किंमत काय होती? काठेवाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये घेतले आहे. त्या शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या मिनतवारीने आला, तो बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला आणि नवऱ्याने बायकोला. डॉक्टरने तिला स्पर्शही केला नाही. ती माउली वाचली नाही.

आज दार उघडे आहे. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. पण बाबासाहेबांची लढाई केवळ प्रवेशाची होती का? १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी मांडलेला मुद्दा वेगळाच होता. अस्पृश्यांचे दुःख अस्पृश्यांनीच मांडले पाहिजे, दुसऱ्याने त्यांच्या वतीने बोलून चालणार नाही. प्रवेश आणि प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोग्याच्या क्षेत्रात पहिली मिळाली, दुसरी अजून बाकी आहे.

ती मिळवण्याचा एक गंभीर प्रयोग महाराष्ट्रात झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि त्याअंतर्गत २००७ पासून 'लोकाधारित देखरेख' आली. पहिल्या टप्प्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे होते. त्यात आपला गोंदिया नव्हता. राज्य पातळीवर पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे समन्वय होता. गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पातळ्यांवर समित्या बनल्या. गावकऱ्यांनीच दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरायचे. हिरवा म्हणजे चांगले, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे वाईट. मग जनसुनावणी. डॉक्टर हजर नसतो, औषध बाहेरून आणायला सांगतात, पैसे मागतात, हे गरीब बाई माईकवर बोलणार आणि अधिकाऱ्याने सर्वांसमोर उत्तर द्यायचे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. अडाणी रुग्णाला वैद्यकशास्त्रातले काय कळते? साथींनो, हा युक्तिवाद जुना आहे. आपल्याला मताधिकार द्यायच्या वेळीही 'अडाण्यांना राजकारणातले काय कळते' असेच विचारले गेले आणि बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकारच मागितला. रुग्ण डॉक्टरला गोळीची मात्रा शिकवत नाही. दार उघडे होते का, औषध मिळाले का, पैसे मागितले का, माणसासारखे वागवले का, एवढेच तो सांगतो. आणि हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

कायदा कोणाचा आवाज ऐकतो तेही पाहा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, तो दवाखाना त्यातून वगळला. म्हणजे पैसे मोजणारा 'ग्राहक' झाला आणि सरकारी दवाखान्यातला शेतमजूर 'लाभार्थी' राहिला. ग्राहक तक्रार करतो, लाभार्थी हात जोडतो. ब्राझीलने १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांतील निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांना दिल्या. आपल्याकडे रुग्ण कल्याण समितीच्या नावात रुग्ण आहे, पण खुर्च्यांवर अधिकारी, पुढारी आणि नेमलेले सदस्य. दुसऱ्याने निवडलेला प्रतिनिधी कोणाचे ऐकतो, हा धडा पुणे कराराने आपल्याला दिलेला आहे.

लोकाधारित देखरेखीची मर्यादाही इथेच आहे. ती निधीवर आणि संस्थांवर उभी होती. संस्था हटली, निधी आटला की जनसुनावणीचा मंडप गुंडाळला जातो. हक्क असा प्रकल्पाच्या मुदतीवर जगत नाही.

सडक अर्जुनी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल आपल्या बौद्ध वस्त्यांत आहे आणि आदिवासी पाड्यांतही. हा आजार जन्मभराचा. गोळ्या नियमित लागतात, कधी रक्तही द्यावे लागते. धानाच्या रोवणीत रोजी बुडवून गोंदिया किंवा नागपूर गाठावे लागले तर घराचे काय होते, हे त्या आईला ठाऊक आहे. गोळ्या कोणत्या महिन्यात संपतात हेही तिलाच ठाऊक आहे. मग समितीच्या बैठकीत ती का नाही?

म्हणून तीन कामे करू. गाव आरोग्य समितीत कोण आहे, निधी कुठे खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात मागू. दलित, आदिवासी आणि महिलांना समितीत स्थान द्यावे असे मार्गदर्शक सूचनांतच आहे, ते कागदावरून खाली उतरवू. आणि ग्रामसभेत ठराव घेऊ की रुग्ण कल्याण समितीत सिकलसेल रुग्णांनी स्वतः निवडलेला प्रतिनिधी बसेल. ठरावाने काय होते, असे कोणी विचारले तर त्याला १९२३ ची तारीख सांगा. तो ठरावही चार वर्षे कागदावरच पडून होता. १९२७ मध्ये माणसे तळ्यावर चालत गेली, तेव्हा त्यात जीव आला.

जय भीम!