टोकाचं स्टेशन : जामनेर आणि पीजे

जळगाव जिल्ह्याच्या नकाशात जामनेर शोधलं की एक गोष्ट खटकते. भुसावळ जामनेरच्या सरळ उत्तरेला आहे. जिल्ह्याचं ठिकाण जळगाव वायव्येला आहे. ही दोन्ही गावं मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर आहेत आणि दोन्ही तुलनेने जवळ आहेत. तरीही शंभर वर्षं जामनेरची गाडी गेली ती नैऋत्येला, पाचोऱ्याला. म्हणजे ५६ किलोमीटरचा वळसा घालून. जामनेरच्या माणसाची कचेरी जळगावला, रेल्वेचं मोठं जंक्शन भुसावळला आणि गावातून सुटणारी एकुलती एक गाडी मात्र पाचोऱ्याची. हे असं का झालं, याचं उत्तर शोधताना या गावाचा गेल्या शतकाचा इतिहास हाती लागतो.

वाटेतली स्टेशनं पाहिली की उत्तर निम्मं मिळतं. पाचोरा सोडलं की गुरांच्या बाजाराचं वरखेडी, मग हरेश्वराचं पिंपळगाव, त्रिविक्रमाच्या देवळाचं शेंदुर्णी, अजिंठ्याच्या रस्त्यावरचं पहूर, भागदरा आणि शेवटी कांग नदीकाठचं जामनेर. हा सगळा पट्टा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेकडचा, काळ्या जमिनीचा, कापसाचा. डोंगराच्या बाजूने सोयगावचा मुलूख लागतो. तो तेव्हा निजामाच्या राज्यात होता. रेल्वेला जामनेरला पोहोचण्याची घाई नव्हती. तिला वाटेतला कापूस गोळा करत जायचं होतं. सरळ भुसावळला गेलेल्या मार्गावर शेंदुर्णी आणि पहूर लागलीच नसती.

कापसाची ही गोष्ट त्याही मागे जाते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोहोचली. नेमकं त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. सरकारने हिंगणघाटी बियाणं खानदेशात आणून रुजवायचा खटाटोप केला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत बँका बुडाल्या; पण खानदेशातला कापूस गेला नाही. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले, गाठी बांधल्या जाऊ लागल्या आणि रोख पैशाचं पीक म्हणून कापूस घराघरांत शिरला. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशचा आहे. जमीन, पाऊस, पीक, सारा, बाजार यांची जी मांडणी त्यात दिसते, ती याच नजरेतून केलेली आहे: या मुलखातून काय निघतं आणि ते बाहेर कसं न्यायचं.

बाहेर नेण्याची अडचण शेवटच्या वीस-तीस मैलांची होती. काळ्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुततात. कापूस वेचणीला येतो दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा रस्ते जेमतेम वाळलेले असतात. मोठ्या मापाचा फाटा घालायचा तर खर्च परवडत नव्हता. या अडचणीवर तोडगा महाराष्ट्रातच निघाला होता. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटांचं माप, हलके रूळ, तरीही चांगला माल ओढणारी गाडी. बार्शीचं यश इतकं नावाजलं गेलं की कॅलथ्रॉपने त्याच धर्तीवर इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली छोटी रेल्वे बांधली आणि ती १९०४ मध्ये सुरू झाली. रेल्वेचं तंत्र विलायतेतून इकडे यायचं, ही एवढी एक गोष्ट इथून तिकडे गेली.

त्याच अडीच फुटी मापाची रेल्वे पाचोरा-जामनेरला आली. मार्ग बांधला एका कंपनीने. गाडी चालवायची मात्र जीआयपीने. १९१८-१९ मध्ये मार्ग सुरू झाला. हे साल साधं नव्हतं. पहिलं महायुद्ध संपत होतं, १९१८ चा पाऊस पश्चिम हिंदुस्थानात दगा देऊन गेला होता आणि इन्फ्लुएंझाची साथ रेल्वेच्याच वाटेने गावोगाव पसरत होती. आणखी एक योगायोग असा की, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली ती एप्रिल १८१९ मध्ये. म्हणजे लेणी जगाला नव्याने कळल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी त्यांच्या पायथ्याच्या मुलखात गाडी आली, पण ती लेण्यांसाठी नव्हती.

कंपनीच्या हिशेबात हा फाटा कापसासाठी होता. लोकांनी त्याचं काय केलं, ही वेगळी गोष्ट आहे. पाचोरा आणि जामनेर या दोन नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून गाडीला ‘पीजे’ म्हणायला लागले आणि पुढे तेच तिचं खरं नाव झालं. ५६ किलोमीटरला दोन तासांच्या आसपास लागायचे. त्या वेगात शेतातला माणूस गाडीतल्या माणसाला ओळखू शकतो, हाक मारू शकतो. वरखेडीच्या बाजाराचा माणूस, पाचोऱ्याला शिकायला जाणारी मुलं, भाजीचं टोपलं घेतलेली बाई, माहेरी निघालेली सासुरवाशीण, मुंबईची मोठी गाडी पकडायला निघालेला नोकरदार, असे सगळे एका डब्यात. कार्तिकात शेंदुर्णीला त्रिविक्रमाचा रथ निघतो, तेव्हा पंचक्रोशी लोटते. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही, त्यांचं हे पंढरपूर. त्या गर्दीला पीजे सोयीची होती.

या भागाची बोलीही लक्षात घेण्यासारखी आहे. धुळ्याकडे अहिराणी, जळगाव-यावलच्या बाजूला लेवा गणबोली आणि जामनेर-बोदवडकडे तावडी. बहिणाबाई चौधरींमुळे लेवा बोली महाराष्ट्रभर पोहोचली. तावडीला तसा मान मिळाला नाही. तिच्या बाजूला वऱ्हाडी आणि मराठवाडी बोली, त्यामुळे तावडीत सगळ्यांचं थोडं थोडं सापडतं. सीमेवरच्या मुलखाची भाषा अशीच असते. आणि ही सीमा साधी नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत जामनेर तालुक्याच्या कडेला दुसरं राज्य होतं. सोयगावचा शेतकरी खानदेशातल्या बाजाराला यायचा तेव्हा तो राज्य ओलांडून यायचा. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि ती रेघ पुसली, पण सोयरिकी आणि बाजार त्याआधीपासूनच तिच्या आरपार होते.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेची मालकी आणि नावं बदलली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीची मध्य रेल्वे झाली. १९६० मध्ये पूर्व खानदेशचा जळगाव जिल्हा झाला. मालगाडी म्हणून मात्र पीजेचं दुखणं मुळातच होतं. छोट्या मापाच्या डब्यातली गाठ पाचोऱ्याला उतरवायची आणि मोठ्या मापाच्या डब्यात पुन्हा चढवायची. प्रत्येक गाठीची दोनदा हमाली. बैलगाडीशी स्पर्धा होती तोवर हे खपलं. ट्रक आला, तो जिनच्या दारात उभा राहू लागला आणि थेट मुंबईला जाऊ लागला, तेव्हा हा व्यवहार संपला. प्रवाशांसाठी एसटी आली. जामनेरहून जळगावला आणि भुसावळला बस जाऊ लागली आणि नकाशातला तो जुना तिरकेपणा रस्त्याने सरळ केला. गावाचं तोंड पाचोऱ्याकडून जळगावकडे वळलं. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, घाऊक बाजार, सगळं तिकडे.

मग पीजे उरली कोणासाठी? ज्यांना बसचं भाडं जड जात होतं त्यांच्यासाठी आणि ज्यांची गावं मोठ्या रस्त्यावर नव्हती त्यांच्यासाठी. १९६९ मध्ये रेल्वेने तोट्यातल्या शाखामार्गांचा विचार करायला समिती नेमली होती, तेव्हापासून अशा मार्गांवर टांगती तलवार आहेच. तोटा होता, यात वाद नाही. पण तोटा मोजला जातो तो रेल्वेच्या वहीत. स्वस्त भाड्यामुळे एखाद्या मुलीचं कॉलेज सुटलं नाही, किंवा दोन टोपली भाजी पाचोऱ्याला जाऊन विकणं परवडलं, हा नफा कुठल्याच वहीत येत नाही. कापसासाठी बांधलेली गाडी अखेरच्या काळात गरिबाची गाडी झाली होती. ज्यांनी ती बांधली त्यांना हा उपयोग मनातही आला नसेल.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. इतर गाड्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, पीजे झाली नाही. पाचोऱ्यात लोकांनी समिती करून आंदोलनं केली. त्यातच २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या हिवाळ्यात या पट्ट्यात गाडी नव्हती आणि बसचाही भरवसा नव्हता. रस्त्यावर उरली ती काळी-पिवळी आणि रिक्षा, त्यांच्या दराने. एखादी सेवा तोट्याची आहे की गरजेची, हे अशाच वेळी कळतं.

आता मार्ग मोठ्या मापाचा करून तो जामनेरपुढे बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली आहे. लांबी सुमारे ८४ किलोमीटर. बोदवडला तो पुन्हा मुख्य मार्गाला मिळेल. म्हणजे शंभर वर्षं टोकाचं असलेलं जामनेर मधलं स्टेशन होईल. हे चांगलंच आहे. गाठीची दोनदा हमाली संपेल, मुंबई-नागपूरला थेट जोड मिळेल. बार्शीचा छोटा मार्गही असाच मोठा झाला आणि लातूरचा फायदा झाला. इंग्लंडमधली त्याची धाकटी बहीण मात्र १९३४ मध्ये बंद पडली. तिच्या जागी आज पायी आणि सायकलने जाण्याची वाट आहे.

प्रश्न मापाचा नाही, थांब्यांचा आणि भाड्याचा आहे. मोठ्या मापावरून वेगाने जाणारी गाडी भागदऱ्याला थांबेल का? सकाळी शाळा-कॉलेजच्या वेळेला आणि संध्याकाळी बाजार उठल्यावर एक साधी पॅसेंजर असेल का? तिचं तिकीट भाजीच्या टोपलीला परवडेल का? १९१८ मध्ये या मार्गाचा नकाशा कापसाकडे पाहून आखला गेला. माणसांनी त्यात आपली जागा नंतर, स्वतःहून करून घेतली. या वेळी नकाशा आखणारे आपलेच आहेत. माणसांची जागा त्यात आधीपासून असावी, एवढी अपेक्षा जामनेर-पाचोऱ्याच्या लोकांनी धरली तर ती जास्तीची म्हणता येणार नाही.