खासगी खिडकी आणि मागे उरणाऱ्या नोंदी

नोंद हे इतिहासाचे प्रमुख साधन होय. एखादी नोंद कोणी ठेवली याइतकाच ती कोणी, कोठून पुसली हाही अभ्यासाचा विषय आहे. ब्राउझरमधील ‘खासगी खिडकी’ या सोयीचा विचार या दृष्टीने करणे इष्ट वाटते.

ही सोय अ‍ॅपलच्या सफारीने २००५ मध्ये उपलब्ध करून दिली. २००८ मध्ये गूगलच्या क्रोमने ती ‘इन्कॉग्निटो’ या नावाने आणली व २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर आणि फायरफॉक्स यांनीही तिचा स्वीकार केला. तिचे कार्य मर्यादित आहे. खिडकी बंद होताच पाहिलेल्या पृष्ठांची यादी, कुकी आणि रकान्यांत भरलेला मजकूर त्या यंत्रावरून नाहीसा होतो. उतरवून घेतलेल्या फाइली मात्र तशाच राहतात. आणि सेवा पुरविणारी कंपनी, महाविद्यालयाचे जाळे किंवा भेट दिलेले संकेतस्थळ यांच्याकडील नोंदींना धक्काही लागत नाही.

कृष्णा व तारळी यांच्या संगमावरील उंब्रज हे गाव पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. तेथून मोटारीने कऱ्हाडास निघालेल्या गृहस्थाने घरात कोणास कळू दिले नाही, तरी तासवड्याच्या पथकर नाक्यावर त्याच्या गाडीची नोंद व्हायचीच. खासगी खिडकीची गत हीच आहे. ती घरातील माग पुसते. वाटेवरचा पुसत नाही.

भारतात वाटेवरच्या नोंदीला कायद्याचेही बळ मिळाले. २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांनी ग्राहकाची ओळख पटविणे, तसेच पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष जपणे मालकावर बंधनकारक केले. आडोशाची उंचीही साडेचार फुटांहून अधिक नसावी असे ठरले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. म्हणजे जे संरक्षण हक्क म्हणून मान्य झाले, ते ब्राउझरच्या एका कळीने मिळते असा समज मात्र निराधारच राहिला.

हा समज केवळ आपल्याकडचा नव्हे. क्रोमच्या खासगी खिडकीतही वापरकर्त्यांचा माग ठेवला जातो, अशी तक्रार अमेरिकेतील न्यायालयात २०२० मध्ये दाखल झाली. २०२४ च्या तडजोडीत गूगलने अशा अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे अथवा त्यांतील ओळख काढून टाकण्याचे मान्य केले. नोंदी होत्या, म्हणूनच त्या नष्ट करण्याचा प्रश्न उद्भवला.

यावरून ही सोय निरुपयोगी ठरत नाही. घरात सर्वांचा मिळून एकच संगणक असतो, तेथे एखाद्या मुलीने आपल्या आजाराविषयी, किंवा मार खाणाऱ्या सुनेने कायद्याच्या आधाराविषयी वाचलेले इतरांस न दिसणे, हे मोठेच संरक्षण आहे. मात्र तिच्याशेजारी कोणी उभा असेल, वा यंत्रावर पाळत ठेवणारी प्रणाली बसविलेली असेल, तर खिडकी तिला तारू शकत नाही. ‘खासगी’ हा शब्द ऐकताच ‘कोणापासून?’ असे विचारणे म्हणूनच अगत्याचे आहे. उत्तर ‘घरच्यांपासून’ असे असेल, तर खिडकी बहुधा कामी येते. ते ‘सर्वांपासून’ असे असेल, तर ती पुरेशी नाही.